कुंतल, धम्मिल्ल आणि बुचडा : केशरचनेच्या पुराव्याचा विचार

जुनीं चित्रें, मूर्ति व सचित्र पोथ्या यांचा संग्रह करणाऱ्यांपुढें कालनिर्णयाचा प्रश्न नेहमींच उभा असतो. पोथीच्या अखेरीस पुष्पिका असली आणि तींत शक, स्थळ व लेखकाचें नांव असलें, तर प्रश्न तेथेंच मिटतो. परंतु सुटें चित्र, भग्न मूर्ति किंवा जीर्ण छायाचित्र हातीं आलें म्हणजे वेषाकडे पाहावें लागतें. आणि वेषांत वस्त्रें व दागिने यांची जितकी बारकाईनें छाननी होते, तितकी केसांची होत नाहीं. होते तेव्हां ती बहुधा उतावळेपणानें होते. ‘मानेवर खोपा आहे, त्या अर्थीं चित्र शिवकालीन’, ‘कपाळावर कुरळ्या बटा आहेत, त्या अर्थीं मूर्ति गुप्तकालीन’, अशीं विधानें संग्रहांच्या याद्यांतून निःशंकपणें केलेलीं आढळतात. अशा विधानांना आधार किती, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं आम्ही शब्दांचा, शिल्पांचा व भिंतींवरील चित्रांचा असा तीन प्रकारचा पुरावा विचारांत घेतों, आणि तिसऱ्या प्रकारासाठीं डहाणू तालुक्यांतील कैनाड व त्याच्या आसपासचा वारली मुलूख डोळ्यांपुढें ठेवतों.

हा मुलूख इतिहासाला अपरिचित नाहीं. नासिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात (ऋषभदत्त) याचा जो प्रसिद्ध लेख आहे, त्यांत त्यानें कोणकोणत्या नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केली हें सांगितलें आहे. त्या नद्यांत इबा, पारादा, दमण, तापी व करबेणा यांच्याबरोबर दाहनुका हेंहि नांव येतें. दमण व डहाणू हीं नांवें त्यांतून आजहि स्पष्ट ऐकूं येतात. म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास ह्या किनाऱ्याची नोंद दगडावर झालेली आहे. परंतु त्या नोंदींत राजा आहे, दान आहे, ब्राह्मण व भिक्षु आहेत. नदीच्या वरच्या अंगाला रानांत राहणारीं माणसें नाहींत. पुढील काळांतहि ह्या लोकांनीं स्वतःविषयीं ताम्रपट कोरले नाहींत कीं बखरी लिहिल्या नाहींत. त्यांनीं जें लिहिलें तें तांदळाच्या पिठानें घराच्या कुडावर लिहिलें. त्या लेखनाला पुरावा म्हणावें कीं नाहीं, आणि म्हणावें तर कशाचा, ह्याचा निर्णय शब्द व शिल्पें यांची परीक्षा झाल्यावर करणें सोयीचें होईल.

प्रथम शब्द घेऊं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत ‘चतुष्कपर्दा’, म्हणजे चार वेण्यांची, अशा युवतीचा उल्लेख येतो. केस पेडांत गुंफण्याची चाल इतकी तरी जुनी आहे. पुढें अमरसिंहाच्या कोशांतील मनुष्यवर्ग पाहिला तर केसांविषयींचे शब्द एका ठिकाणीं क्रमानें दिलेले आहेत, आणि त्यांतील भेद फार उपयोगाचा आहे. चिकुर, कुंतल, वाल, कच, केश व शिरोरुह हे सामान्य केसांचे पर्याय होत. अलक म्हणजे चूर्णकुंतल. तेच अलक कपाळावर आले म्हणजे त्यांस भ्रमरक म्हणावयाचें. काकपक्ष व शिखंडक हे कानांवरील झुलुपांचे शब्द आहेत. कबरी म्हणजे केशवेश, धम्मिल्ल म्हणजे आवळून बांधलेले केस, वेणी अथवा प्रवेणी म्हणजे गुंफलेले केस, आणि व्रतस्थाचे केस म्हणजे जटा. आपल्या संग्रहांच्या याद्यांतून हे सर्व शब्द ‘केशकलाप’ ह्या एका शब्दाखालीं लोटले जातात, आणि त्याबरोबर पुरावाहि लोटला जातो.

ह्या शब्दांत ‘चूर्णकुंतल’ हा विशेष लक्ष देण्याजोगा आहे. कुरळे केस दोन प्रकारचे असतात : जन्मतः कुरळे आणि प्रयत्नानें कुरळे केलेले. अलक हा शब्द ज्या अर्थीं चूर्णाशीं जोडला गेला आहे, त्या अर्थीं निदान कांहीं अलक तरी प्रसाधनाचें फळ होते, हें उघड आहे. कालिदासानें रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूच्या दिग्विजयाचें वर्णन करतांना, केरळांतील स्त्रियांनीं भयानें अलंकार टाकून दिले असतां सैन्याची धूळच त्यांच्या अलकांत चूर्णाच्या जागीं बसली, अशी कल्पना केली आहे. कल्पना कवीची असली तरी तिचा पाया व्यवहारांत आहे. अलकांत चूर्ण घालण्याची चाल श्रोत्यांस ठाऊक नसती तर ही कल्पना फुकट गेली असती. हें वर्णन त्याच सर्गांत सह्याद्रि व अपरांत यांच्या सान्निध्यांत आलेलें आहे, आणि अपरांत म्हणजे आपलें कोंकण. तथापि कवीनें चूर्णाचा संबंध केरळांतील स्त्रियांशीं जोडला आहे, अपरांतांतील स्त्रियांशीं नाहीं. म्हणून ह्या श्लोकावरून कोंकणच्या केशरचनेविषयीं अनुमान काढणें योग्य नव्हे.

महाराष्ट्राच्या अधिक जवळचा पुरावा हाल सातवाहनाच्या नांवावर असलेल्या गाथासप्तशतींत मिळतो. सहाव्या शतकांतील एका गाथेंत न्हाऊन निघालेल्या सांवळ्या तरुणीचे मोकळे केस, आतां पुन्हा बंधनांत पडावें लागणार ह्या भयानें, जणूं पाण्याच्या थेंबांनीं रडत आहेत, असा भाव आहे. ही उत्प्रेक्षा बाजूला ठेवली तरी तींतून व्यवहाराची एक गोष्ट हातीं लागते : केस कटीपर्यंत लांब असत, न्हातांना ते मोकळे सोडीत, आणि इतर वेळीं ते बांधलेले असत. मोकळे केस ही स्नानाची, शोकाची वा विरहाची अवस्था होय, वेष नव्हे. मेघदूतांतील यक्षपत्नी व शाकुंतलाच्या सातव्या अंकांतील शकुंतला ह्या दोघी एकवेणी आहेत. वेणीसंहार नाटकाचें तर नांवच द्रौपदीच्या मोकळ्या केसांच्या प्रतिज्ञेवरून पडलें आहे. अर्थात् एखाद्या चित्रांत स्त्रीचे केस मोकळे दिसले तर काल शोधण्यापूर्वीं प्रसंग शोधला पाहिजे.

प्रांतभेदाचा सर्वांत स्पष्ट उल्लेख भरताच्या नाट्यशास्त्रांत, आहार्याभिनयाच्या प्रकरणांत आहे. तेथें अवंतीच्या स्त्रियांस अलक व कुंतल, गौड स्त्रियांस बहुधा अलक व शिखापाशासह वेणी, आभीर स्त्रियांस दोन वेण्या व निळसर शिरोवस्त्र, ईशान्येकडील स्त्रियांस उंच बांधलेला शिखंडक, आणि दक्षिणेकडील स्त्रियांस कुंभीबंध व कपाळावर आवर्त सांगितला आहे. कुंभीबंध म्हणजे लहान घटाच्या आकाराचा बंध असा अर्थ घेतला, तर आपल्या डोळ्यांपुढें सहज खोपा उभा राहतो. परंतु येथेंच सावधगिरीची गरज आहे. हें प्रकरण रंगभूमीवर कोणाची भूमिका कशी ओळखूं यावी हें सांगण्यासाठीं आहे. नटाच्या डोक्यावर जें चिन्ह बसवावयाचें तें दुरून ओळखूं येण्याजोगें असावें लागतें; म्हणून प्रांतांतील अनेक चालींपैकीं एकच उचलून ती ठळक केलेली असते. भरताच्या वचनावरून दक्षिणेंत कुंभाकार बंध प्रसिद्ध होता इतकें म्हणतां येईल. दक्षिणेंत सर्व स्त्रिया तोच बांधीत असें म्हणतां येणार नाहीं. चिन्ह आणि चाल यांतील हा भेद पुढें भिंतींवरील चित्रांच्या वेळीं पुन्हा उपयोगीं पडेल.

आतां शिल्पें व चित्रें. कार्ले व कान्हेरी येथील दंपतिशिल्पांत स्त्रियांच्या मस्तकावर केश, वस्त्र व अलंकार यांची अशी सरमिसळ झालेली आहे कीं, एक कोठें संपतें व दुसरें कोठें सुरू होतें हें ठरविणें बऱ्याच ठिकाणीं कठिण जातें. अजिंठ्याच्या चित्रांत ही अडचण कमी आहे. वाकाटक हरिषेणाच्या काळीं, म्हणजे पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, रंगविलेल्या सतराव्या लेण्यांत आरशांत पाहणाऱ्या राजस्त्रीचें प्रसाधनाचें दृश्य आहे. आणि अजिंठ्याच्या स्त्रियांत एकंदरीनें कपाळावरील अलक, मानेवर सैल सोडलेला नागमोडी केशभार व त्यांत माळलेलीं फुलें हीं स्वतंत्रपणें ओळखतां येतात. काशीजवळील राजघाट येथील मृण्मूर्तींच्या केशरचनांचें वर्गीकरण वासुदेवशरण अग्रवाल यांनीं संस्कृत काव्यांतील शब्दांच्या आधारें केलें, तें ह्याच रीतीचें होय. शब्द व वस्तु एकमेकांशेजारीं ठेवून पाहिल्याखेरीज दोहोंपैकीं कोणाचाहि अर्थ लागत नाहीं, हा त्यांच्या कामापासून घ्यावयाचा धडा आहे.

निश्चित कालमर्यादा देणारी वस्तु मात्र महाराष्ट्राच्या बाहेर, फार दूर सांपडली. इ. स. १९३८ मध्यें इटलींतील पाँपेई येथें सुमारें २५ सेंटिमीटर उंचीची एक भारतीय हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मिळाली. ती आतां नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. पाँपेई शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें, म्हणून ही प्रतिमा त्यापूर्वींची असलीच पाहिजे. तिच्या पाठीवर लांब, गुंफलेला व अलंकृत केशसंभार कोरलेला आहे. तेर येथें मिळालेली हस्तिदंती प्रतिमा आणि भोकरदन (प्राचीन भोगवर्धन) येथील उत्खननांत मिळालेला प्रतिमेचा भाग यांच्याशीं तिचें साम्य विद्वानांनीं दाखविलें आहे. ह्या एका वस्तूवरून पाठीवरील लांब वेणीचा काल इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत मागें नेतां येतो. मूर्तीच्या पुढच्या बाजूचेंच छायाचित्र छापून समाधान मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें : केशरचनेचा पुरावा बहुधा मूर्तीच्या पाठीकडे असतो.

पुढील काळांतील मूर्तिशास्त्रानें मात्र एक नवीन घोटाळा उत्पन्न केला. मानसार ह्या शिल्पग्रंथांत मौलींचे, म्हणजे मस्तकावरील मुकुटांचे, प्रकार सांगतांना किरीट व करंड यांच्याबरोबर कुंतल, केशबंध, धम्मिल्ल व अलकचूड हींहि नांवें येतात. जे शब्द अमरकोशांत केसांचे होते ते येथें देवता व राजस्त्रिया यांच्या पदाप्रमाणें ठरवून दिलेल्या शिरोभूषणांचे झाले आहेत. अशा मूर्तींवरील ‘धम्मिल्ल’ हा लोकाचाराचा पुरावा नसून पदाचें चिन्ह आहे. शिल्पकारानें गल्लींतील स्त्री पाहून तो कोरला नाहीं. शास्त्र पाहून कोरला.

मराठी काळाकडे येतांना शब्दांचा साठा बदलतो. अंबाडा, खोपा, बुचडा, वेणी, बट, भांग, पेड, आगवळ, गंगावन, फणी, फणेरपेटी हे शब्द घरांतले आहेत. खोपा हा सुगरणीच्या घरट्याचाहि शब्द आहे, आणि त्या नांवांत गोल, भरीव व गुंफलेला हा आकार आपोआप आला आहे. अंबाडा घातला जातो, बुचडा बांधला जातो, वेणी तिपेडी कीं चौपेडी हें विचारलें जातें. क्रियापदें व विशेषणेंहि येथें माहिती देतात. ज्यांचे केस जात्याच नागमोडी आहेत त्यांचा बुचडा एका पिळांत बसतो, कारण एक बट दुसरींत अडकून राहते. सरळ व तेलानें चोपडलेल्या केसांना आगवळ किंवा कांटा लागतो. आंखूड वा विरळ केसांच्या खोप्यांत गंगावन घालीत. केवडा, मूद, राखडी, अग्रफूल, नागगोंडे हे दागिने ज्या केसांवर बसावयाचे त्यांचा आकार त्या दागिन्यांवरून कळतो. म्हणून जुनें अग्रफूल हातीं आलें तर त्याच्या मागील कडी व वांक जपून मोजावी. सोन्याच्या तोळ्यांपेक्षां तें मोजमाप इतिहासाला अधिक मोलाचें आहे.

मराठी स्त्रीच्या केशरचनेविषयींची आपली आजची कल्पना मात्र पेशवाईच्या दप्तरांतून आलेली नाहीं. ती छापील चित्रांतून आलेली आहे. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचा शिळाछापखाना १८९४ मध्यें सुरू झाला, आणि त्यांतून निघालेल्या चित्रांनीं पौराणिक नायिकांना व देवींना एकोणिसाव्या शतकांतील वेष व केस देऊन घरोघर पोंचविलें. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनीं निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांची जीं चित्रें काढलीं, त्यांतील कांहीं ओटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकांत १९२० च्या सुमारास प्रसिद्ध झालीं. धुरंधरांचीं चित्रें त्यांच्या स्वतःच्या काळाचा उत्तम पुरावा आहेत. परंतु त्यांतला खोपा उचलून तो सतराव्या शतकांतील स्त्रीच्या मानेवर ठेवला, कीं तोच पुरावा खोटी साक्ष देऊं लागतो.

ह्याच काळांत केसांचा इतिहास किती कठोर होता हेंहि विसरतां येत नाहीं. ब्राह्मण व तत्सम घरांतील विधवेला केशरचना नव्हतीच. तिचें केशवपन होई. १८९० मध्यें मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हावी समाजानें विधवांचे केस उतरण्यास नकार दिला, ही घटना केशरचनेच्या इतिहासांत कोणत्याहि दागिन्यापेक्षां मोठी आहे. एखाद्या जुन्या कौटुंबिक छायाचित्रांत डोक्यावरून घट्ट पदर ओढलेली वृद्धा दिसली तर तेथें केसांचा आकार शोधूं नये. केसांचा अभाव हाच तेथील पुरावा आहे.

आतां कैनाडकडे वळूं. १ ऑगस्ट २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यांत आहे; त्यापूर्वीं तो ठाणें जिल्ह्यांत होता. येथील वारली घरांत कारवीच्या कुडावर शेणमातीचा गिलावा देऊन, गेरूच्या भूमीवर तांदळाच्या पिठानें लग्नाचा चौक लिहिण्याची परंपरा आहे. चौक लिहितात त्या सवाशिणी. त्याच्या मध्यभागीं पालघट देवी असते, आणि चौकाशिवाय लग्न पुरें होत नाहीं. ह्या चित्रांत मनुष्याकृति दोन त्रिकोणांची व वर्तुळाकार डोक्याची असते. स्त्री व पुरुष यांची शरीरें जवळजवळ एकाच रीतीनें काढलेलीं असतात. स्त्री ओळखावयाची ती डोक्याच्या मागें लावलेल्या लहानशा ठिपक्यावरून, म्हणजे बुचड्यावरून. आणि चौकाच्या परिसरांत ज्या वस्तु काढतात त्यांत शिडीबरोबर फणीहि असते.

हा बुचडा आणि ही फणी म्हणजे कोणता पुरावा ? प्रथम कोणता नव्हे तें सांगूं. भीमबेटक्यासारख्या ठिकाणच्या शैलचित्रांशीं वारली आकृतींचें साम्य दाखवून ही कला सहस्रावधि वर्षांची ठरविण्याची प्रथा पडली आहे. आकृतिसाम्य म्हणजे परंपरा नव्हे. त्रिकोण व वर्तुळ कोणालाहि सुचतात. तसेंच गृह्यसूत्रांत सीमंतोन्नयनाच्या वेळीं साळिंदराच्या कांट्यानें भांग पाडावयास सांगितलें आहे, म्हणून चौकांतील फणी ही त्याची शाखा, असेंहि म्हणूं नये. विवाह व गर्भधारणा यांच्याशीं स्त्रीच्या केसांचा संबंध दोन्हीकडे जोडला गेला आहे, इतकीच समान गोष्ट त्यांतून निघते. नाट्यशास्त्रांतील कुंभीबंध व वारली ठिपका यांनाहि एका दोरींत ओवतां येणार नाहीं.

मग उरतें काय ? आमच्या मतें फार महत्त्वाची गोष्ट उरते. चिन्ह निवडतांना समाज सर्वांना ओळखतां येईल असेंच चिन्ह निवडतो. बाईची खूण म्हणून पाठीवर लोंबणारी वेणी न काढतां मागें बांधलेला बुचडा काढला गेला. याचा अर्थ चित्र लिहिणाऱ्यांच्या दृष्टीनें बाईपण त्या बुचड्यांत सामावलें होतें. आणि चित्र लिहिणाऱ्या कोण, तर बायकाच. भरत, अमरसिंह, कालिदास, मानसारकार, अजिंठ्याचे चित्रकार, रविवर्मा, धुरंधर या सर्वांनीं स्त्रियांचे केस पाहिले ते पुरुषांच्या डोळ्यांनीं. गाथासप्तशतींत कांहीं गाथा स्त्रियांच्या नांवावर आहेत, परंतु त्याहि पोथीच्या वाटेनें आपल्यापर्यंत आल्या. कैनाडच्या भिंतीवर मात्र स्त्रीनें स्त्रीची आकृति आपल्या हातानें, आपल्याच घरच्या विधीसाठीं काढली. असा पुरावा आमच्या पोथ्यांत अत्यंत दुर्मिळ आहे.

तो टिकाऊ मात्र नाहीं. चौक लग्नापुरता असतो; भिंत पुन्हा सारवली कीं तो गेला. शिवाय १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांनीं ह्या भागांत येऊन चित्रें कागदावर काढवून घेतलीं, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८), ज्यांस २०११ मध्यें पद्मश्री मिळाली, यांच्या हातून ही कला जगभर गेली. म्हसे यांच्या रेषेचें सामर्थ्य वादातीत आहे. परंतु ऐतिहासिक दृष्टीनें पाहतां येथें दोन बदल एकदम झाले : चित्र विधीपासून सुटलें, आणि बायकांच्या हातांतून तें मोठ्या प्रमाणांत पुरुषांच्या हातीं गेलें. म्हणून कागदावरील, कापडावरील किंवा विक्रीच्या वारली चित्रांतील बुचडा पाहून भिंतीवरील जुन्या बुचड्याविषयीं निर्णय देऊं नये. हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत.

शब्दांच्या बाबतींतहि ह्या सरहद्दीवर जपून वागावें लागतें. मराठींतला अंबाडा आणि गुजरातींतला अंबोडो हे सख्खे शेजारी आहेत. १९६० पर्यंत उंबरगांवचा प्रदेश ठाणें जिल्ह्यांतच होता; राज्यें वेगळीं झालीं म्हणून बायकांनीं केसांचीं नांवें वांटून घेतलीं नाहींत. एखादी वृद्धा अंबाडा म्हणते कीं बुचडा, यावरून तिचें मूळ ठरविण्यापेक्षां, ती कोणत्या केसबांधणीला कोणतें नांव देते, हें टिपणें अधिक उपयुक्त होय.

यावरून संग्राहकांसाठीं चार नियम आम्ही सुचवितों. पहिला : केशरचनेचें नांव देण्यापूर्वीं ती वेणी, कबरी, धम्मिल्ल कीं अलक, हें अमरकोशाच्या भेदांनीं ठरवावें, आणि संशय असेल तेथें नुसतें वर्णन करावें. दुसरा : आकार हा प्रत्यक्ष चालीचा आहे, नाट्यचिन्हाचा आहे, कीं देवतेच्या पदाचा आहे, हें आधीं वेगळें करावें. तिसरा : एकट्या केसांवरून काल ठरवूं नये, पाँपेईच्या प्रतिमेसारखी बाहेरून आलेली कालमर्यादा असेल तरच तसें करावें. चौथा : जुनी वस्तु जितक्या आस्थेनें घ्यावयाची, तितक्याच आस्थेनें आज चालू असलेली चालहि टिपावी.

ह्या चौथ्या नियमाचें महत्त्व सर्वांत अधिक. पोथीला वाळवी लागली तरी तिची दुसरी प्रत कोठेंतरी निघण्याची आशा असते. सारवलेल्या भिंतीला दुसरी प्रत नसते. डहाणू व तलासरी ह्या तालुक्यांतील ज्या घरांत अजून चौक लिहिला जातो, तेथें घरच्यांच्या अनुमतीनें त्याचें छायाचित्र घ्यावें, लग्नाची तिथि लिहून ठेवावी, लिहिणारी कितव्या वर्षीं व कोणाकडून शिकली हें विचारावें, आणि डोक्यामागच्या त्या ठिपक्याला ती स्वतः काय म्हणते तें तिच्याच शब्दांत उतरून घ्यावें. नदीवरच्या फुकट नावांची नोंद एका जांवयानें केली म्हणून दाहनुका आपणांस कळली. नदीकांठच्या स्त्रियांनीं स्वतःची जी नोंद केली ती वाचावयाची कीं नाहीं, हें आतां आपल्या हातीं आहे.